मिस्सा संपल्यावर काय? धर्मग्रामातली उपासना आणि गरीब-बेघरांची सेवा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळची मिस्सा सुटली की चर्चच्या बाजूच्या दारापाशी आम्ही एक टेबल मांडतो. एका टोकाला तांदूळ-डाळीची पेटी, दुसऱ्या टोकाला नोंदवही आणि मध्ये आम्ही दोघं-तिघं. वसई धर्मप्रांतातल्या एका धर्मग्रामात मी संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचं काम करते. त्या टेबलापाशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे लिहून काढले आहेत. काही प्रश्न आमच्याच मंडळींचे आहेत, काही नुसत्या चौकशीला डोकावणाऱ्या शेजाऱ्यांचे.

धर्मग्राम, धर्मप्रांत हे काय प्रकार आहेत?

धर्मग्राम म्हणजे पॅरिश. एक चर्च आणि त्याच्या ठरलेल्या हद्दीत राहणारे कॅथलिक. अनेक धर्मग्राम मिळून धर्मप्रांत होतो आणि त्याचा प्रमुख बिशप असतो. आमचा वसई धर्मप्रांत 1998 साली मुंबईपासून वेगळा झाला. इथल्या गावांतल्या चर्चमध्ये उपासना मराठीत चालते. ‘तुमच्यात सगळं इंग्रजीत असतं ना?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा येऊन ऐकावं.

मिस्सा म्हणजे पूजा. तिचा गरिबांशी काय संबंध?

हा माझा आवडता प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा लांबेल.

‘मिस्सा’ हा शब्द लॅटिन उपासनेच्या शेवटच्या वाक्यातून आला. धर्मगुरू लोकांना निरोप देताना म्हणायचे, ‘इते, मिस्सा एस्त’. जा, तुमची पाठवणी झाली आहे, असा त्याचा साधारण अर्थ. म्हणजे सगळ्या विधीला नाव पडलं ते शेवटच्या पाठवणीवरून. आपल्याकडे पाठवणी म्हटलं की नवरी आणि रडारड आठवते, पण भाव फार वेगळा नाही. इथलं घेऊन तिकडे नांदायला जायचं.

दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये संत जस्टिन यांनी सम्राटासाठी ख्रिस्ती लोकांच्या रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं. त्यात वाचन आहे, प्रवचन आहे, भाकर आणि द्राक्षारस आहे. आणि त्याच ओघात वर्गणीही आहे : ज्यांची ऐपत आहे ते स्वखुशीने देतात, ते सभेच्या प्रमुखाकडे ठेवतात आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातले आणि परगावाहून आलेले यांची काळजी घेतो. उपासना आणि मदत असे दोन वेगळे विभाग तेव्हा नव्हतेच.

त्याही आधी करिंथच्या मंडळीला संत पौलाने झापलं होतं. प्रभुभोजनाला जमायचे, पण पैसेवाले आधीच जेवून-पिऊन बसायचे आणि गरीब उपाशी राहायचे. पौल म्हणाला, हे प्रभूचं भोजन नव्हेच. चौथ्या शतकात अंत्युखियात संत योहान क्रिसोस्तोम वेदीवरून विचारत, आत ख्रिस्ताच्या शरीराला रेशीम पांघरता आणि बाहेर तोच थंडीत उघडा पडलाय तिकडे बघत नाही, हे कसं? आमच्या सणांतली सजावट पाहिली की मला हे आठवतं. लाइटिंगचं बिल आणि गरीब निधी एकाच वर्षाच्या हिशेबात शेजारी शेजारी छापले, तर बऱ्याच ठिकाणी पंचाईत होईल.

आजच्या विधीतही हे धागे आहेत, फक्त आपलं लक्ष नसतं. पवित्र गुरुवारी, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणदिनी, भाकर आणि द्राक्षारसाबरोबर गरिबांसाठीच्या वस्तूही मिरवणुकीने वेदीकडे नेता येतात, असं उपासनेच्या ग्रंथात लिहिलेलं आहे. त्याच संध्याकाळी धर्मगुरू बारा जणांचे पाय धुतात. 2013 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी हा विधी रोमच्या एका बालगुन्हेगार सुधारगृहात केला. धुतलेल्या पायांमध्ये मुलींचे आणि मुस्लिम कैद्यांचेही पाय होते. 2016 पासून नियमच बदलला आणि स्त्रियांचा समावेश अधिकृत झाला.

मी ख्रिस्ती नाही. मिस्साला आलं तर चालेल?

चालेल. पादत्राणं काढावी लागत नाहीत, कपडे साधे असले तरी पुरे, कुठेही बसा. लोक उभे राहतील तेव्हा उभे राहा, गुडघे टेकतील तेव्हा बसून राहिलात तरी कुणी काही म्हणणार नाही. फक्त ख्रिस्तशरीर, म्हणजे कम्युनियन, घ्यायला रांगेत जाऊ नका. ते कॅथलिकांसाठी आहे. तो प्रसाद आहे असं समजून हात पुढे करणारे पाहुणे लग्नात हमखास भेटतात, आणि वाढणारे फादर अवघडतात.

दानाच्या थाळीतले पैसे कुठे जातात?

रविवारच्या नेहमीच्या अर्पणातून चर्चचा रोजचा खर्च चालतो : वीज, दुरुस्ती, कामगारांचे पगार. काही रविवारचं अर्पण ठरलेल्या कामासाठी बाहेर जातं. शुभ शुक्रवारचं पवित्र भूमीसाठी, ऑक्टोबरमधल्या मिशन रविवारचं मिशनकार्यासाठी. गरिबांची पेटी वेगळी असते. तिच्यावर तसं लिहिलेलं असतं, तरी लोक गडबडीत तिच्यातच मेणबत्त्यांचे पैसे टाकतात.

हिशेब मागायचा हक्क तुम्हाला आहे. प्रत्येक धर्मग्रामात आर्थिक समिती असलीच पाहिजे, हे ख्रिस्तसभेच्या, म्हणजे जगभरच्या कॅथलिक चर्चच्या, कायदेसंहितेत (1983 ची, कलम 537) सांगितलेलं आहे. त्याच संहितेत 222 वं कलम म्हणतं की स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना साहाय्य करणं हे प्रत्येक भाविकाचं कर्तव्य आहे. फक्त फादरांचं नव्हे.

मिस्साचा हेतू (म्हणजे आपल्या कुणासाठी तरी मिस्सा अर्पण करायची विनंती) मागायला पैसे नसतील तर?

तरी मागा. गरजू माणसासाठी काहीही न घेता मिस्सा अर्पण करावी अशी धर्मगुरूंना स्पष्ट शिफारस आहे, आणि गरिबीमुळे कुणाचा संस्कार अडता कामा नये असाही नियम आहे. ऑफिसात विचारायला लाज वाटत असेल तर आमच्या टेबलापाशी सांगा, निरोप पोहोचवू.

ही व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी म्हणजे सिस्टर लोकांची संस्था का?

नाही, आम्ही सगळी संसारी माणसं. गोंधळ होतो तो नावामुळे. संत व्हिन्सेंट डी पॉल (1581–1660) हे फ्रान्समधले धर्मगुरू. 1633 मध्ये त्यांनी लुईज द मारियाक यांच्याबरोबर धर्मभगिनींचा एक संघ सुरू केला. त्या सिस्टर मठात कोंडून न घेता गल्लीबोळात आजाऱ्यांकडे जायच्या, आणि त्या काळात हे नवलच होतं. प्रार्थनेच्या वेळीच एखाद्या गरिबाचं बोलावणं आलं तर काय करायचं, असा त्यांना प्रश्न पडे. व्हिन्सेंट सांगत, उठा आणि जा. देवाला सोडून देवाकडेच जाताय.

सोसायटी मात्र त्यांच्या मृत्यूनंतर पावणेदोनशे वर्षांनी निघाली. पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा कायद्याचा विद्यार्थी होता. विद्यार्थ्यांच्या वादसभेत ख्रिस्तसभेची बाजू हिरिरीने मांडायचा. एकदा समोरच्याने सुनावलं : पूर्वी तुमच्या चर्चने बरंच केलं असेल, आज गरिबांसाठी तुम्ही काय करता ते दाखवा. ओझानामकडे उत्तर नव्हतं. तो आणि त्याचे मित्र जळण घेऊन एका गरीब घरी गेले. एप्रिल 1833 मध्ये पहिली बैठक झाली तेव्हा तो नुकता वीस वर्षांचा होत होता. घरोघर कसं जायचं हे त्यांना सिस्टर रोझाली रांदू यांनी शिकवलं, त्या व्हिन्सेंटच्याच संघातल्या. आज सोसायटी सुमारे दीडशे देशांत आहे. ओझानाम यांना 1997 मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी पॅरिसमध्ये धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

म्हणजे आमचा जन्म एका टोमण्यातून झाला. कुणी टोमणा मारला की मी फार रागावत नाही, ते यामुळेच.

तुमच्या बैठकीत पिशवी फिरते म्हणतात, ती कसली?

गुप्त वर्गणीची. प्रत्येक बैठकीच्या शेवटी कापडी पिशवी हातोहात फिरते. प्रत्येकाने मूठ आत घालून उघडायची. कुणी शंभर टाकले, कुणी रिकामीच मूठ उघडली, कुणाला कळत नाही. स्वतःच अडचणीत असलेला सभासदही ताठ मानेने बसू शकतो. मला ही पद्धत जगातल्या सगळ्या पावती पुस्तकांपेक्षा शहाणी वाटते.

घरभेटीला दोघांनी का जायचं? आणि जाऊन करता काय?

दोघं असली की एक बोलतो, दुसरा बघतो. शिवाय एकट्याच्या दयेला लवकर मालकी चढते.

जाऊन बहुतेक वेळ ऐकतो. सुरुवातीला मला वाटायचं की काम म्हणजे पिशवी पोहोचवणं. नालासोपाऱ्याच्या बाजूला एका चाळीत एकट्या राहणाऱ्या मावशींना आम्ही पाच-सहा महिने दर महिन्याला पाच किलो तांदूळ देत होतो. एका भेटीत कळलं की त्या तांदूळ शेजारणीला देतात, शेजारीण शिजवते आणि अर्धा भात यांना देते. का? तर त्यांच्याकडे चूलच नव्हती. सिलिंडर परवडत नव्हता, आणि चौथ्या मजल्यावर चढवून देणारंही कुणी नव्हतं. इतके महिने आम्ही त्यांच्या खोलीत बसून चहाला ‘नको नको’ म्हणत होतो. चहा होणारच नव्हता हे एकदाही लक्षात आलं नाही! आता पहिल्या भेटीत मी विचारते, जेवण कशावर करता?

बाकी काम कागदपत्रांचं. रेशनकार्ड, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, हयातीचा दाखला, शाळेची फी. नुसता तांदूळ देण्यापेक्षा रेशनकार्डावर नाव चढवून देणं जास्त टिकतं. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीत नाव असलं की माणशी महिन्याला पाच किलो धान्य हक्काने मिळतं, अंत्योदयात कुटुंबाला 35 किलो. पण त्यासाठी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर किती फेऱ्या होतात, ते विचारू नका.

बेघर माणूस कुठल्या धर्मग्रामाचा? त्याला तर पत्ताच नाही.

हा प्रश्न एका कॉलेजच्या मुलाने विचारला आणि उत्तर शोधताना मलाच नवीन काहीतरी सापडलं. कायदेसंहितेत अशा माणसासाठी स्वतंत्र शब्द आहे, ‘वागुस’, म्हणजे कुठेच कायमचा ठिकाणा नसलेला. कलम 107 म्हणतं की तो प्रत्यक्ष जिथे मुक्कामाला आहे, तिथला प्रमुख धर्मगुरू हाच त्याचा धर्मगुरू. म्हणजे वसई रोडच्या पुलाखाली झोपणारा कॅथलिक माणूस त्या हद्दीतल्या चर्चचा पूर्ण सभासद आहे. बाप्तिस्म्याची नोंद कुठे आहे, लाइट बिल कुणाच्या नावावर आहे, याचा संबंध नाही. आणि कलम 529 प्रमुख धर्मगुरूला बजावतं की गरीब, पीडित, एकाकी आणि मायदेशापासून दुरावलेल्यांना शोधत जा. ते येतील तेव्हा भेटा, असं त्यात नाही.

गंमत म्हणजे आपल्या निवडणूक आयोगाचाही जवळपास असाच नियम आहे. बेघर माणसाने मतदार नोंदणीत जी जागा सांगितली, तिथे तो खरोखर झोपतो का हे मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचं. पत्त्याचा पुरावा लागत नाही. 2011 च्या जनगणनेतही बेघरांची मोजणी 28 फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि देशभरात 17 लाख 70 हजारांहून जास्त माणसं उघड्यावर सापडली. हा आकडा आता जुना झाला आहे.

मग रात्री चर्च उघडं का ठेवत नाही? एवढी मोठी वास्तू रिकामी पडलेली असते.

खरं आहे, आणि याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. जगात काही चर्चनी हे केलं आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सेंट बोनिफेस चर्चमध्ये 2004 पासून कित्येक वर्षं दिवसा बाकांवर बेघर लोक झोपायचे. पुढच्या बाकांवर उपासना चालायची, मागे घोरणं चालायचं. माद्रिदचं सान आंतोन चर्च 2015 पासून चोवीस तास उघडं असतं. रोममध्ये संत एजिदिओ समुदाय 1982 पासून नाताळच्या दिवशी त्रास्तेवेरेच्या सांता मारिया बॅसिलिकात बाक बाजूला सारून टेबलं मांडतो आणि गरिबांना जेवायला बसवतो. थेट चर्चच्या पोटात.

आमच्याकडे कारणं सांगितली जातात : चोरी, पवित्र साक्रामेंताचा (चर्चमध्ये ठेवलेल्या ख्रिस्तशरीराचा) मान, शौचालय, शेजाऱ्यांच्या तक्रारी, पोलीस. यातलं शौचालयाचं कारण मला खरं वाटतं. बाकीच्यांवर उपाय निघतो. चर्चचं नाही, निदान शाळेच्या हॉलचं कुलूप पावसाळ्यात उघडावं, असं मी दरवर्षी समितीत म्हणते. दरवर्षी ते ‘पुढच्या बैठकीत’ जातं.

शहरांत प्रत्येक एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं आहे. महापालिकेला हे विचारणं हासुद्धा धर्मग्रामाच्या सेवेचाच भाग आहे, असं माझं मत.

पायरीवर बसणाऱ्यांना पैसे द्यावेत की नाही?

द्यायचे तर द्या, पण नाव विचारून द्या. कुणी म्हणतं त्यांच्या टोळ्या असतात, कुणी म्हणतं दारू पितात. मिलानच्या एका बेघरांच्या मासिकाला 2017 मध्ये दिलेल्या मुलाखतीत पोप फ्रान्सिस यांनाही हेच विचारलं होतं. त्यांचं म्हणणं साधारण असं की देणं केव्हाही योग्यच, पण नाणं फेकू नका, डोळ्यांत बघा, हाताला हात लावा. लहान मुलं भीक मागत असतील तर मात्र पैसे न देता 1098 ला फोन करा.

दारू पिऊन मिस्साला आला तर?

मागच्या बाकावर बसवतो, पाणी देतो. ओरडला तर दोघं बाहेर घेऊन बसतात. सणाच्या दिवशी पिऊन येणारी बरीच घरदार असलेली मंडळी मी पाहिली आहेत. त्यांना कुणी बाहेर नेत नाही.

दारूमुळे घर सुटलेली माणसं आमच्या यादीत खूप आहेत. त्यांना आम्ही अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठकीची वेळ सांगतो. त्या बऱ्याच ठिकाणी चर्चच्या हॉलमध्येच भरतात. फादर जो परेरा यांनी 1981 मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं व्यसनमुक्ती केंद्र वसईतही आहे. उपचाराला जायला माणूस तयार होईपर्यंत वाट पाहावी लागते. ती आम्हाला नीट जमत नाही, हेही कबूल करते.

खरं सांगा, मदत घेतली की धर्म बदलावा लागतो ना?

नाही. आमच्या यादीतली कित्येक कुटुंबं ख्रिस्ती नाहीत आणि फॉर्मवर धर्माचा रकाना नाही. कुणावरही त्याच्या मनाविरुद्ध श्रद्धा लादता येत नाही, असं कायदेसंहितेचं 748 वं कलम सांगतं. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या आपल्या पहिल्या विश्वपत्रात स्पष्ट केलं की सेवा हे दुसरं काही साधायचं साधन नाही, ती फुकटच असते. कुणी तांदळाच्या पिशवीबरोबर पत्रक कोंबताना दिसलं तर आम्हाला सांगा, ते आमच्या नियमात बसत नाही.

भेटीत आम्ही प्रार्थना करतो का? घरच्यांनी म्हटलं तर. एका आजींच्या घरी त्यांची विठ्ठलाची तसबीर आणि आमची ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ असं दोन्ही एकाच खोलीत झालं आहे. त्यांनीच सांगितलं होतं, म्हणा काहीतरी.

मुलाच्या वाढदिवसाला अन्नदान करायचंय. फोटो काढले तर चालतील?

अन्न चालेल, फोटो नाही. घेणाऱ्याचा चेहरा ही तुमच्या आनंदाची पावती नव्हे. केक आणू नका, संध्याकाळपर्यंत टिकत नाही. पोळी-भाजी, उकडलेली अंडी, केळी उत्तम. आणि शक्य झालं तर मुलाला बरोबर जेवायला बसवा, वाढायला उभं करू नका.

जुने कपडे आणून देऊ?

धुतलेले, बटणं असलेले, तुम्ही स्वतः घालून बाजारात जाल असे. साड्यांचा ढीग पडून आहे. पुरुषांच्या पँट, नव्या चड्ड्या, सॅनिटरी पॅड, चपला आणि चादरी यांची कायम टंचाई. नाताळाच्या आठवड्यात सगळं येतं, जून-जुलैत काहीच येत नाही. प्लास्टिकच्या ताडपत्रीची गरज तेव्हाच असते.

प्रायश्चित्तकाळातला उपवास आणि गरीब, यांचा संबंध काय?

राखेचा बुधवार ते ईस्टर या काळात प्रार्थना, उपवास आणि दानधर्म हे तिन्ही एकत्र सांगितले आहेत. मटण सोडायचं आणि त्या पैशाचं पापलेट आणायचं, ही आमची वसईची पळवाट. नियमात बसते, हिशेबात नाही. ताटातलं जे वाचलं ते पेटीत पडायला हवं. 1962 मध्ये स्थापन झालेली कॅरितास इंडिया ही बिशपांची संस्था याच काळात देशभर भूक आणि रोगराईविरोधी मोहीम चालवते. घरी येणारं पाकीट तिचं.

गरिबांचा खास दिवस असतो म्हणे?

हो, 2017 पासून. चर्चच्या कॅलेंडरातल्या सामान्य काळाचा तेहतिसावा रविवार, नोव्हेंबरच्या मध्यावर येतो. पोप फ्रान्सिस त्या दिवशी गरिबांबरोबर जेवायचे. त्यांच्यानंतर आलेले पोप लिओ चौदावे यांचं पहिलं मोठं पत्रही, ऑक्टोबर 2025 मधलं, गरिबांवरच्या प्रेमाविषयीच आहे.

रस्त्यात कुणी बेशुद्ध किंवा जखमी बेघर दिसला तर चर्चमध्ये आणायचं का?

आधी 108 ला फोन, मग आम्हाला. वृद्ध असेल तर 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. उचलून रिक्षात घालू नका, विशेषतः पडलेला असेल तर. रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारी थांबा. रुग्णालयातून सुटल्यावर जायला जागा नसेल तर आम्ही सिस्टरांच्या आश्रमांत विचारतो. भायखळ्याचं आशा दान, मदर तेरेसांच्या संघाचं, बऱ्याच जणांना ऐकून माहीत असतं. जागा असेलच असं नाही.

कुणी नसलेला माणूस गेला तर?

मेलेल्याला मूठमाती देणं हे दयेच्या सात कार्यांपैकी सातवं. पहिली सहा मत्तयच्या शुभवर्तमानातून येतात : भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, परक्याला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची भेट. सातवं बायबलमधल्या तोबीतच्या कथेतून आलं. परमुलखात रस्त्यावर पडलेली आपल्या लोकांची प्रेतं तो राजाच्या रागाची पर्वा न करता पुरायचा. गेलेला माणूस कॅथलिक असेल आणि ओळख पटली, तर मिस्सा आणि दफन धर्मग्राम करतो, एक पैसा न घेता. अन्य धर्माचा असेल तर त्याच्या रीतीप्रमाणे व्हावं म्हणून पोलिसांशी बोलतो.

अडचण ओळख पटण्याचीच असते. व्हॅटिकनजवळ एक फ्लेमिश बेघर वृद्ध रोज सकाळी संत अ‍ॅनच्या चर्चमध्ये मिस्साला यायचा. डिसेंबर 2014 मध्ये तो दिसेनासा झाला. ओळखीच्या लोकांनी शोधलं तेव्हा रुग्णालयाच्या शवागारात सापडला. जानेवारीत त्याला व्हॅटिकनच्या आतल्या जर्मन दफनभूमीत पुरलं. ती बातमी वाचल्यावर आम्ही आमच्या नोंदवहीत एक रकाना वाढवला : ‘शेवटचा कधी दिसला’. मिस्सा सुटली की तो भरतो. दोन रविवार कोरा राहिला तर सोमवारी कुणीतरी निघतं, आधी स्टेशनवर, मग सरकारी दवाखान्यात.